न जेवणाऱ्या तोंडाची निगा

“जे मूल तोंडाने काही खातच नाही, त्याचे दात घासायचे तरी कशाला?” हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल, याची गणती नाही. विचारणाऱ्यांत शेजारपाजारचे असतात, लग्नकार्यात भेटणारे नातलग असतात आणि घरच्या आजारी माणसांची सेवा करण्यात उभी हयात घालवलेल्या अनुभवी बायकाही असतात. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या घरांतून तोंडाची स्वच्छता अन्नाशी जोडलेली आहे. चूळ भरल्यावाचून चहाचा घोट घ्यायचा नाही, जेवण झाले की आचवायचे, हे आपण फार लहानपणीच शिकलेलो असतो. मग जिथे घासच नाही तिथे आचवणे तरी कसले, असा हिशेब मनाशी सहज मांडला जातो. वरवर तो बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात नळीवाटे अन्न घेणाऱ्या मुलाच्या तोंडाला इतरांपेक्षा अधिक निगा लागते. असे का, आणि घरच्या घरी ती कशी राखता येते, हे आपल्याला सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे मूल नसेल; पण पक्षाघातानंतर नाकात नळी घातलेले यजमान, आई किंवा सासरे असू शकतील. पुढचे बरेचसे त्यांनाही लागू आहे.

आमच्या नातीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती आता सात वर्षांची आहे. गिळताना घास अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेकडे वळतो, हे ती दोन वर्षांची असताना तपासण्यांतून स्पष्ट झाले. तेव्हापासून तिचे दूध, पातळ पेज, औषधे, पाणी सारे नळीतून जाते. सुरुवातीचे काही महिने नाकातून घातलेली राइल्स ट्यूब होती; पुढे पोटावर लहानसे छिद्र करून थेट जठरात नळी बसवली. दवाखान्यात तिला ‘पेग’ म्हणतात. ही वृद्धांसाठी निघालेली सोय आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या डॉक्टरांनी १९७९ साली ही पद्धत प्रथम वापरली ती एका तान्ह्या बाळासाठी. त्या एका युक्तीने जगभरातल्या किती लेकरांची उपासमार वाचवली असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.

इस्पितळातून घरी सोडताना आम्हाला पुष्कळ शिकवले गेले. फीड किती सावकाश सोडायचे, शेवटी पाणी घालून नळी कशी स्वच्छ करायची, छिद्राभोवतीची कातडी कोरडी कशी ठेवायची, नळी निघालीच तर काय करायचे. माझ्या सुनेने एक वही भरून टिपणे काढली होती. त्या वहीत दातांविषयी एक ओळही नव्हती, कारण तो विषय कोणी काढलाच नव्हता. पुढे अशी मुले सांभाळणाऱ्या इतर कुटुंबांशी ओळखी झाल्या, तेव्हा त्यांचाही अनुभव जवळजवळ हाच निघाला. नळी बसवणारे डॉक्टर पोटाचे, दात पाहणारे दातांचे. मधले तोंड कोणाच्याच वाट्याला येत नाही.

नात साडेतीन वर्षांची झाली त्या सुमारास ती रात्री-अपरात्री रडू लागली. तिला बोलता येत नाही. ती डोळ्यांनी ‘हो’ म्हणते, मान फिरवून ‘नाही’ म्हणते, पण ‘कुठे दुखते’ या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नाही. पोट तपासले, नळी तपासली, कान पाहिले, बद्धकोष्ठतेचे औषध झाले. चार रात्री घरात कोणाचा डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी गिळण्याच्या व्यायामांसाठी घरी येणाऱ्या थेरपिस्टबाईंनी तिचा खालचा ओठ हळूच खाली ओढून विजेरीचा प्रकाश टाकला, आणि आम्हाला जवळ बोलावले. खालच्या पुढच्या दातांच्या मागे पिवळट, दगडासारखा कडक थर बसला होता. त्याच्या कडेची हिरडी लालबुंद होऊन सुजली होती. बोट लावताच रक्त आले. ज्या तोंडात दीड वर्षात अन्नाचा कणही गेला नव्हता, त्या तोंडात हे किटण आले कोठून, याचा उलगडा दंतवैद्यांनी केला.

आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट हे क्षार असतात. दातांवर जंतूंचा एक बुळबुळीत, डोळ्यांना न दिसणारा थर सतत तयार होत असतो. त्याला दंतवैद्य ‘प्लाक’ म्हणतात. हा थर अन्नाशिवायही तयार होतो, कारण जंतूंना लाळेतील प्रथिने आणि तोंडातील झडलेल्या पेशीही पुरतात. जेवणारा माणूस चावतो, जीभ फिरवतो, गिळतो, लाळ खेळती राहते आणि घासाच्या घर्षणाने हा थर काहीसा निघत जातो. नळीवर असलेल्या मुलाच्या तोंडात ही सारी हालचाल थांबलेली असते. लाळ साचून राहते, तोंड अनेकदा उघडे असल्याने ती दाट होते, आणि त्या मऊ थरावर क्षार बसून काही दिवसांतच तो दगडी बनू लागतो. एकदा तो दगडी झाला की कितीही ब्रश केला तरी निघत नाही. आपल्या तोंडात किटण मुख्यत्वे लाळेच्या ग्रंथींच्या तोंडाशी, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या अंगाला साचते. नळीवरील मुलांत ते दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावरही चढते, कारण ती दाढ कधी काही चावतच नाही.

एक गोष्ट मात्र या मुलांच्या बाजूची आहे. तोंडात साखर जात नसल्याने त्यांच्या दातांना कीड लागण्याचे प्रमाण सहसा कमी असते. म्हणूनच वरवर पाहणाऱ्याला दात ‘चांगले’ दिसतात. कीड नाही, म्हणजे सारे ठीक, असा समज होतो. आणि हिरड्यांकडे, किटणाकडे लक्ष जात नाही. शिवाय कीड अजिबात लागतच नाही असेही नाही. नळी बसण्यापूर्वी बाटलीचे गोड दूध मिळालेले असेल, एखादे गोड औषध अजूनही चमच्याने तोंडात दिले जात असेल, चवीपुरते बोट चाटवले जात असेल, तर ती शक्यता राहतेच.

आता ज्याची खरी धास्ती आहे त्याकडे येते. मुलाच्या तोंडात काही जात नसले तरी त्याची स्वतःची लाळ त्याला गिळावीच लागते. आणि ज्याला घास नीट गिळता येत नाही त्याला लाळ तरी कशी नीट गिळता यावी? झोपेत ती थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. तोंड अस्वच्छ असेल तर तिच्याबरोबर जंतूंची मोठी फौज फुप्फुसात जाते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. पोटात नळी बसवली म्हणजे फुप्फुसे सुरक्षित झाली, ही समजूत त्यामुळेच अपुरी आहे. जपानमधील डॉक्टरांनी अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेला एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांचे तोंड सेवकांनी रोज नियमाने स्वच्छ केले, त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना त्या काळात न्यूमोनिया झाला. ज्यांना अशी सेवा मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण १९ टक्के होते. तो अभ्यास वृद्धांचा होता, मुलांचा नव्हे, आणि ब्रश म्हणजे काही रामबाण नव्हे. आमच्या नातीला पूर्वी दर पावसाळ्यात इस्पितळ गाठावे लागे, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत लागले नाही. याचे सगळे श्रेय मी दात घासण्याला देणार नाही. तिची ताकदही वाढली आहे, झोपवण्याची पद्धतही बदलली आहे. तरीपण इतक्या स्वल्प खर्चात एवढे राखणारा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

आपण म्हणाल, दात घासणे त्यात काय शिकायचे? पण असे मूल समोर घेऊन बसल्यावरच कळते, की चूळ भरता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे. आपण दात घासतो त्याचा अर्धा भाग चूळ भरून थुंकण्याचा असतो. ते जिला जमत नाही, तिच्या तोंडात जे जाईल ते आपणच बाहेर काढले पाहिजे, नाहीतर ते फुप्फुसात जाईल. त्यामुळे पाणी, फेस आणि लाळ या तिन्हींवर ताबा ठेवणे, हीच यातील खरी विद्या आहे.

पहिला अडथळा ब्रशही नव्हता, स्पर्श होता. ज्या तोंडाने चवी पाहिल्या नाहीत, खेळणी चावली नाहीत, आणि जिथे बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू म्हणजे सक्शनची नळी किंवा डॉक्टरांची पट्टीच होती, ते तोंड फार सावध असते. ओठांना बोट लागताच नातीचे सर्वांग ताठ व्हायचे, कधी उमासा यायचा. थेरपिस्टबाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तळहातापासून सुरुवात केली. तळहात, दंड, खांदा, मग गाल, मग ओठांची कड, असे रोज थोडे पुढे सरकायचे. स्पर्श ठाम हवा. पिसासारखा हलका स्पर्श या मुलांना गुदगुल्या झाल्यासारखा, म्हणजे अधिकच नकोसा होतो. प्रत्येक वेळी आधी तिला सांगायचे, ब्रश दाखवायचा, तिच्या मुठीत द्यायचा. दाताला ब्रश टेकेपर्यंत सहा आठवडे गेले. घरातल्या तरुणांना हा संथपणा सोसवत नाही. त्यांना कामावर जायचे असते, आणि त्यांचेही बरोबरच आहे. आजी-आजोबांजवळ मात्र वेळ असतो, आणि घाई न करणे हे या वयात आपल्याला आपोआप साधलेले असते. म्हणूनच मला वाटते, की हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याकडे मागून घ्यावे.

बसण्याची पद्धत महत्त्वाची. मुलाला उताणे, सपाट झोपवून तोंडात काहीही करू नये. पाठीला आधार देऊन, शक्य तितके बसते करून, हनुवटी किंचित खाली झुकलेली ठेवावी. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते आणि लाळ तिकडे धावते. ज्याला बसवताच येत नाही त्याला कुशीवर वळवून, गालाखाली टॉवेल घालून घासावे, म्हणजे लाळ आपसूक बाहेर येते. मी तिच्या खुर्चीच्या बाजूला, थोडी मागे स्टुलावर बसते आणि डाव्या हाताच्या कोपरात तिचे डोके घेते. समोरून येणारा हात तिला दचकवतो; बाजूचा हात ओळखीचा वाटतो. पोट भरलेले असताना हे करू नये, उलटीचा धोका असतो. आमची एक वेळ सकाळच्या फीडपूर्वीची आणि दुसरी रात्रीची, शेवटच्या फीडनंतर तासाभराने.

ब्रश लहान डोक्याचा आणि अतिशय मऊ केसांचा घ्यावा. पाण्यात बुडवून झटकून टाकावा. ओला हवा, ठिबकता नको. पेस्ट लावायची तर तांदळाच्या एका दाण्याएवढीच, फ्लोराइड असलेली, आणि मिळाल्यास फेस न होणारी. फेसाने घशात लाळ वाढते आणि ठसका लागतो. ज्या मुलाला एवढीही पेस्ट सोसत नाही, त्याचे दात नुसत्या ओल्या ब्रशने घासले तरी मऊ थर निघतो, आणि आपला मुख्य हेतू तोच आहे. फ्लोराइडचा लेप मग दंतवैद्य ठरावीक काळाने दातांना लावू शकतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक असते; तिकडच्या वाचकांनी पेस्टविषयी आधी दंतवैद्यांना विचारावे.

घासताना दोन-चार दात झाले की थांबायचे, बोटाला गुंडाळलेल्या ओलसर गॉजने लाळ टिपायची, तिला एकदा श्वास घेऊ द्यायचा आणि पुढे जायचे. ज्यांच्या घरी सक्शन मशीन आहे त्यांनी ते सुरू करून हाताशी ठेवावे. सलग दोन मिनिटे घासण्याचा हट्ट धरू नये. मी मोठ्याने दहापर्यंत अंक म्हणते आणि दहाला हमखास थांबते. आपल्याला थांबवले जाणार आहे याची खात्री पटल्यापासून नात तोंड पूर्वीपेक्षा अधिक वेळ उघडे ठेवते. हिरडी आणि दात जिथे मिळतात ती कड सर्वांत महत्त्वाची. तिथे रक्त आले तर घाबरून थांबू नये. सुजलेली हिरडी स्वच्छतेनेच बरी होते. मात्र आठ-दहा दिवसांनीही रक्त येत राहिले तर दाखवावे. शेवटी गालांची आतली बाजू, जीभ आणि टाळू पुसून घ्यावे. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांच्या टाळूला वाळलेल्या लाळेचा पापुद्रा चिकटतो. तो नखाने किंवा कोरडा ओढू नये. ओल्या गॉजने भिजवून, मऊ झाल्यावर अलगद काढावा.

दोन दातांच्या मधे आपले बोट कधीही घालू नये. ही मुले जाणूनबुजून चावत नाहीत. तोंडात काही शिरले की त्यांचा जबडा आपोआप मिटतो आणि तो त्यांना स्वतःला उघडता येत नाही. ब्रश दातांत अडकला तर ओढाताण करू नये, ओढले की पकड अधिकच घट्ट होते. हात स्थिर ठेवावा, गालावर दुसरा हात ठेवून शांतपणे बोलत राहावे. जबडा सैल होतोच. आम्ही एका बाजूच्या दाढांत दुसऱ्या ब्रशची जाड रबरी मूठ ठेवतो आणि दुसरी बाजू घासतो, पण ही युक्ती दंतवैद्यांकडून प्रत्यक्ष पाहूनच शिकावी. धातूचा चमचा यासाठी वापरू नये, दात फुटतो. काडीला स्पंज लावलेले स्वॅब औषधाच्या दुकानात मिळतात. पण चावणाऱ्या मुलाच्या तोंडात तो स्पंज तुटून राहू शकतो. आणि ज्यांची बोटे माझ्यासारखी संधिवाताने आखडलेली आहेत त्यांच्यासाठी एक साधी सूचना: ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवावे किंवा जाड कापडाची पट्टी गुंडाळावी. पकड सोपी होते आणि हात थरथरत नाही.

आता थोडे आपल्या पिढीच्या औषधांविषयी. ती आपण प्रेमानेच सुचवतो, म्हणून अधिक जपून बोलले पाहिजे. राखुंडी आणि मंजन यांची पूड श्वासाबरोबर आत जाते आणि दातही घासून झिजवते. तोंड आले की टाकणखाराची लाही मधात कालवून लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. माझ्या आजीनेही मला ती लावली असेल. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो शरीरात साठतो. मध आणि बोरॅक्स लावलेली चोखणी दिल्याने सात तान्ह्या मुलांना आकड्या आल्याची नोंद ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९८३ साली केली आहे. ते बंद करताच आकड्या थांबल्या. ज्या मुलाला आधीच आकडीचा आजार आहे, त्याच्या तोंडाला तर हे लावूच नये. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही कारणाने देऊ नये. ग्लिसरीन लावल्याने तोंड क्षणभर ओले वाटते आणि नंतर अधिकच कोरडे पडते. आणि तिळाचे किंवा खोबरेल तेल, तूप तोंडात वा नाकात सोडणे सर्वांत धोक्याचे, कारण तेल श्वासनलिकेत गेले तरी ठसका लागेलच असे नाही. ते निमूटपणे फुप्फुसात उतरते आणि तेथे बसून राहते. ओठ फुटले असतील तर बाहेरून बोटाने पातळसे काही लावावे एवढेच. ऑक्सिजन सुरू असलेल्या मुलाला तेलकट मलम न लावता पाण्याचा अंश असलेले, डॉक्टरांनी सांगितलेले जेल वापरावे.

नळीवरील अनेक मुलांच्या जठरातील आम्ल वर येते. ते तोंडापर्यंत आले की दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागते. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे दिसले, दात पातळ किंवा काचेसारखे दिसू लागले, तर ते किडीमुळे नसून आम्लामुळे असू शकते. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, मऊ झालेले कवच ब्रशने खरवडले जाते. त्या वेळी ओल्या गॉजने तोंड पुसावे आणि ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने करावा. औषधांचाही तोंडाशी संबंध असतो. आकडीवरील फेनिटॉइनमुळे हिरड्या वाढून दात झाकले जाऊ शकतात. लाळ कमी करण्याच्या औषधाने तोंड कोरडे पडते. म्हणून कोणतेही औषध आपण होऊन बंद करू नये, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या अवश्य दाखवाव्यात.

दंतवैद्यांकडे पहिली भेट वर्षाच्या आत, आणि नळीवरील मुलाला त्यानंतर वरचेवर न्यावे. आमची नात दर चार महिन्यांनी जाते. भेटीपूर्वी फोन करून मुलाची स्थिती सांगावी, सकाळची पहिली वेळ मागावी, फीड आधी पोटात उतरेल असे पाहावे. किटण काढण्याचे यंत्र पाण्याचा फवारा मारते, आणि तो फवारा या मुलांना झेपत नाही. त्यामुळे हाताच्या अवजारांनी, मुलाला बसते ठेवून, जोरदार सक्शन लावून किटण काढता येईल का, हे स्पष्ट विचारावे. सुटलेला किटणाचा तुकडाही श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून ही खबरदारी. हृदयाचा दोष असल्यास तो न विसरता सांगावा. काही दोषांत आधी प्रतिजैविक द्यावे लागते. एका दंतवैद्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवले होते, “अशा मुलांचे आमच्याकडे होत नाही,” असे म्हणून. तसा अनुभव आल्यास खचू नये. दंत महाविद्यालयांत बालदंतरोगांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तेथे अशा मुलांची सवय असते. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. गोव्यात बांबोळीला आहे. गर्दी असते, दिवस मोडतो, पण खर्च आवाक्यात राहतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तिची एकूण मर्यादा एक लाख रुपये असून बाह्यरुग्ण खर्चाच्या भागात प्रतिबंधात्मक दंतोपचारही धरलेले आहेत. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाताशी असावे.

नाकात नळी असलेल्या वृद्धांची सेवा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. कवळी असेल तर ती काढून वेगळी घासावी आणि रात्री तोंडात ठेवू नये. दात नसलेले तोंडही दिवसातून दोनदा पुसावेच. जंतूंना राहायला दातच लागतात असे नाही. बाकी सारे वरीलप्रमाणे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या जबड्यात अगदी मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळतच नाही आणि दुधाची समजून सोडून दिली जाते. ब्रश तिथवर पोहोचतो ना, ते विजेरी लावून पाहावे. त्याच सुमारास पुढचे दुधाचे दात हलू लागतात. इतर घरांत तो कौतुकाचा विषय असतो. आपल्याकडे तो काळजीचाही असतो, कारण झोपेत सुटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. रोज घासताना प्रत्येक दात बोटाने नव्हे, ब्रशच्या पाठीने हलकेच ढकलून पाहावा आणि हलणारा दात दिसताच दंतवैद्यांना कळवावे.

आमच्या नातीचे खालचे दोन दात गेल्या श्रावणात हलू लागले. दंतवैद्यांनी ते पडण्याची वाट न पाहता, बसल्या जागी, एकेक करून काढले आणि गॉजमध्ये गुंडाळून तिच्याच मुठीत दिले. पडलेला दात कौलावर टाकायची आपली रीत. आमची इमारत सिमेंटची, कौले कुठली असणार? तिच्या आजोबांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या छपरावर ते दोन्ही दात भिरकावले आणि खाली येऊन तिला सांगितले. ती हसली तेव्हा पुढची फट दिसली. रात्री नेहमीच्या वेळी मी ब्रश ओला केला. त्या फटीच्या दोन्ही बाजूंच्या दातांना एरवी न पोहोचणाऱ्या कडा आता मोकळ्या झाल्या होत्या, त्या आधी घासून घेतल्या.